गिरणीवर दळलेला मसाला

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

मी शेवंताबाई पितांबर बोरसे, वय वर्षे एकसष्ट, काम घरातले, शिक्षण सन १९४८ ची मॅट्रिक, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, माझ्या माघारी माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे माझ्या हाताने लिहून ठेवते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही, कोणाच्या धाकाने लिहीत नाही. रागाने लिहिते आहे, हे खरे. राग असला म्हणजे डोके ठिकाणावर नाही असे कायद्यात कुठे आहे का, ते मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, नाही. मग हरकत नाही.

कलम १. माझे डोळे व डोके यांबाबत.
माझा मुलगा चुडामण याने गेली तीन वर्षे गावात सांगितले आहे की म्हातारीला दिसत नाही आणि तिचा हात आता राहिला नाही. म्हणून दसऱ्यानंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटी गेले. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. चष्मा लावून मी पोथी वाचते, सुईत दोरा ओवते, तांदळातला खडा वेचते. ज्याला शंका असेल त्याने हे अक्षर पाहावे. रेघा नसलेल्या कागदावर ओळी सरळ आल्या आहेत.

कलम २. हे आत्ताच का लिहिले.
दिवाळीच्या पाडव्याला चुडामणने माझ्यापुढे कोर्टाच्या टायपिस्टाकडून टाइप करून आणलेले एक प्रतिज्ञापत्र ठेवले. त्यात लिहिले होते की माझी सून सौ. सुनंदा ही खोटे बोलणारी, भांडकुदळ असून तिने सासूची गावात बदनामी केली, म्हणून सासूला तिच्यासोबत राहणे अशक्य झाले. खाली माझ्या सहीची जागा सोडली होती. चुडामणला फारकत हवी आहे. पारोळ्याकडची एक मुलगी तो पाहून आला आहे.

मला म्हणाला, "माय, आठे सही कर. वाचानं काम नही." म्हणजे इथे सही कर, वाचायचे काम नाही.

मी वाचले. तीन वेळा वाचले. सही केली नाही. त्या कागदाची पाठ कोरी होती. चांगला जाड कागद, वाया का घालवायचा? या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिला. तो खर्डाही सोबत टाचला आहे, म्हणजे दोन्ही बाजू वाचणाऱ्याला एकदमच दिसतील.

कलम ३. माझी माणसे.
माझे यजमान पितांबर चुडामण बोरसे सन १९८३ च्या भाद्रपदात वारले. आजोबांचे नाव नातवाला, म्हणून मुलगा चुडामण. तो एकच. त्याची बायको सुनंदा, माहेर दोंडाईचा, ही एप्रिल १९८८ पासून माहेरी आहे. ती आपल्या पायांनी गेलेली नाही, तिला घालवले आहे. त्यांना मूल नाही. माझे दीर अभिमन हे वेगळे राहतात. वेगळे राहूनही माझ्या घरात काय बोलायचे आणि काय नाही, हे तेच ठरवत आले.

कलम ४. माझ्या मालकीचे काय आहे.
(अ) राहते घर, दोन खोल्या, पुढचा ओटा व मागची सरकीची खोली. हे घर यजमानांनी सन १९६१ मध्ये माझ्या नावाने घेतले. खरेदीखत पत्र्याच्या पेटीत आहे, पेटीची किल्ली माझ्या कनवटीला.
(आ) दोन सोन्याच्या पाटल्या, माहेरच्या.
(इ) पोस्टातले माझ्या नावाचे पुस्तक.
(ई) चिनीमातीच्या सहा मोठ्या बरण्या, लोखंडी खलबत्ता, तांब्याचे पातेले, गाळण्याची धोतरे, नळी आणि आसवाची वही.

कुऱ्हे रस्त्याकडचे शेत यजमानांच्या मागे चुडामणच्या नावावर चढले आहे. तेव्हा मी हसत सही केली होती. त्यामुळे पुढचे वाचून "आईने पोराला रस्त्यावर आणले" असे कोणी म्हणू नये. त्याच्याकडे शेत आहे, विहीर आहे, विहिरीवर खोलीसुद्धा आहे.

कलम ५. आसवाबाबत. हे कलम लांब आहे, कारण सगळे इथूनच सुरू झाले.
माझ्या सासूबाई कै. भिकुबाई द्राक्षासव करत. त्यांच्याकडून मी शिकले. मनुकांचा काढा, गूळ, धायटीची फुले आणि मसाला. फुले चोपड्याच्या बाजारात सातपुड्यातल्या बाया आणतात, त्यांच्याकडूनच घ्यायची. मसाल्यात दालचिनी, वेलदोडा, मिरी, पिंपळी, नागकेशर, वावडिंग. बरणीला आतून तुपाचे बोट फिरवायचे, तीन हिस्से भरायची, एक हिस्सा मोकळा. आठ दिवस तोंडावर नुसते कापड. उकळ्या शांत झाल्या की कापडमाती करायची, म्हणजे तोंड कापडाने बांधून वर मातीचा लेप द्यायचा, आणि सरकीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरायची. सरकीत ऊब राहते. चाळीस दिवस तिला हात लावायचा नाही.

बाळंतिणीला आमच्याकडून आसव फुकट जाई. पैसे घ्यायचे ते बाकीच्यांकडून, तेही थोडे. पहिली बाटली देवापुढे. सासूबाई मला म्हणत, "शेवंता, हाई दारू नही शे आनि सरबत बी नही शे. मधलं शे. मधलं धरीसन चाल." चाळीस वर्षांत माझी एक बाटली परत आली नाही. गर्व म्हणून लिहीत नाही. साक्षीला गाव आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये मी महाशिवरात्रीला मुक्ताईनगरला गेले आणि बहिणीकडे तीन आठवडे राहिले. जाण्यापूर्वी माझ्या दोन बरण्या सरकीत पुरलेल्या होत्या. माझ्या माघारी चुडामणने बाजारपेठेतले काष्ठौषधीचे दुकानदार बन्सीलाल वाणी यांना शब्द दिला की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सव्वाशे बाटल्या पोचवतो. उरलेल्या चार बरण्या त्याने स्वतः लावल्या. मसाला खलबत्त्यात कुटायला दोन दिवस लागतात, हात भरून येतात. त्याने काय करावे? पिशवीत घालून पिठाच्या गिरणीवर नेला आणि भाकरीच्या पिठासारखा बारीक दळून आणला. त्याच गिरणीत त्याच्या आधी कोणाची तरी दादर दळली होती. त्या जोंधळ्याचे पीठ जात्यात शिल्लक होते, तेही मसाल्यात आले. सुनंदा त्याला म्हणाली होती, "माय येवू द्या, मंग लावा." तो म्हणाला, "तुले काय समजस?"

मी परत आले तेव्हा त्याने एक बरणी उघडलेली होती. काठी बुडवून पाहिली. अर्ध्यापर्यंत गाळ. खाली बसलेला नाही, तरंगता, सायीसारखा फुगलेला. काडी पेटवून बरणीच्या तोंडाशी धरली, पटकन विझली. म्हणजे आतले काम संपलेले नव्हते. मी त्याला सांगितले की बरणी होती तिथे ठेव, चैत्र सरू दे, मग वरचे निवळ तेवढे घेऊ. सव्वाशेच्या ठिकाणी साठ बाटल्या होतील, साठच दे.

तो म्हणाला, "साठ दीसन मनी इज्जत काय ऱ्हाई?"

आणि त्याने ताक घुसळायची रवी घेतली, माझ्या देखत चारही बरण्या घुसळल्या आणि गाळासकट बाटल्यांत भरल्या. गळ्यापर्यंत भरल्या, बुचे ठोकून बसवली. वर छापखान्यातून करून आणलेली चिठ्ठी चिकटवली: "शेवंताबाईंचे अस्सल घरगुती द्राक्षासव". त्यावर माझा फोटो, कानबाईच्या दिवशी डोक्यावर पदर घेतलेला. मी ओरडले, रवी हिसकावली. एवढेच केले. बन्सीलालभाऊंचे दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पायात चपला घालून तेवढे चालत जायला हवे होते. गेले नाही.

कलम ६. आखाजीच्या दिवशी जे झाले.
त्या वर्षी आखाजीला ऊन असे होते की दुपारी पत्र्यावर हात ठेववत नव्हता. गावातल्या लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, गाणी चाललेली. दुपारी बन्सीलालभाऊंच्या दुकानात फळीवरच्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. काचेचा तुकडा त्यांच्या कपाळाला लागला, सात टाके पडले. दिवस बरा म्हणून डोळा वाचला.

संध्याकाळ व्हायच्या आत ते कपाळाला पट्टी बांधून आमच्या ओट्याशी आले. हातात फुटक्या बाटलीचा गळा, त्याला माझी चिठ्ठी चिकटलेली. मागे दहा-बारा माणसे. अभिमनभाऊही त्यांच्यात होते. चुडामण ओट्यावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला:

"मायना हात आते ऱ्हायना नही. डोया बी गयात. मी काय करू? म्हातारा मानूसले बोलता येस का?"

मी दारात उभी होते. सुनंदा माझ्या मागे. ती पदर सावरून पुढे आली. घरातली सून दहा पुरुषांपुढे बोलते ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. ती म्हणाली, "मायनी ह्या बाटल्या भरेलच नहीत. मसाला तुम्हीच गिरणीवरथून दई आना. घुसळात बी तुम्हीच. मायनी तुमले ना म्हनेल व्हतं."

मग बन्सीलालभाऊ माझ्याकडे वळले. "अक्का, मला पोराचंही ऐकायचं नाही आणि सुनेचंही नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालतो."

तेवढ्यात अभिमनभाऊ मागून हळूच म्हणाले, "वहिनी, घरनं घरमा ऱ्हाऊ द्या. पोरगाले उघडा पाडू नका."

आणि मी म्हणाले, "मनंच चुकनं व्हई, भाऊ."

माझेच चुकले असेल. एवढे चार शब्द. चाळीस वर्षांचा हात मी त्या चार शब्दांत बुडवला, त्याचे मला काही नाही. हात माझा होता. पण त्याच चार शब्दांनी मी सुनंदाला खोटे पाडले. ती माझ्याकडे पाहत राहिली. रडली नाही. पदर खाली घेतला आणि आत जाऊन चूल पेटवली, कारण आखाजीच्या पुरणाचा स्वयंपाक तिने सोडला असता तर कोणी केला असता?

चौथ्या दिवशी चुडामणने तिला भुसावळ-सुरत गाडीत बसवून दोंडाईच्याला पाठवले. जो विचारेल त्याला सांगे, "माय सोता बोलनी, मनं चुकनं. मंग हाई बाई खोटीच ना?" माझा शब्द तिच्या डोक्यावर मारायला त्याने तीन वर्षे वापरला. दिवाळीतला तो टाइप केलेला कागद म्हणजे त्याच शब्दाची पक्की प्रत.

कलम ७. घराबाबत.
वर कलम ४ (अ) मध्ये लिहिलेले माझे घर, ओटा व सरकीच्या खोलीसकट, माझ्या मृत्यूनंतर माझी सून सौ. सुनंदा चुडामण बोरसे हिच्या एकटीच्या पूर्ण मालकीचे व्हावे. राहण्यापुरते नाही, हयातीपुरते नाही. तिने ते ठेवावे, भाड्याने द्यावे, विकावे, कोणी विचारायचे नाही. तिची फारकत झाली तरी, न झाली तरी, हे बदलणार नाही. "मुलाची बायको" म्हणून मी तिला घर देत नाही. सुनंदा म्हणून देते.

चुडामणने या घरात राहावे की नाही हे सुनंदा ठरवील. तिने दार उघडले तर राहावे. नाही उघडले तर विहिरीवरची खोली आहे.

कलम ८. बरण्या, खलबत्ता व वही.
सहाही बरण्या सुनंदाला. खलबत्ताही तिलाच. आसवाची वही तिलाच. त्यात प्रत्येक बरणीची लावल्याची तारीख, उघडल्याची तारीख, गूळ कुठला, फुले कोणाकडून, सगळे आहे. १९८८ च्या पानावर मी तेव्हा काही लिहिले नव्हते. आता लिहिले आहे.

गाळ जास्त झाला तर काय करायचे हे वहीत नाही, कारण ते मी हाताने करत आले, लिहिले कधी नाही. सुनंदा, तुझ्यासाठी इथे लिहिते.

गाळ पाहून घाबरायचे नाही आणि ढवळायचे तर मुळीच नाही. घाईने गाळ वाढतो. बरणी उचलायची नाही. भोवतालची सरकी हाताने बाजूला करायची आणि बरणी जागच्या जागी उघडी पाडायची. काडी पेटवून तोंडाशी धरायची. विझली तर पुन्हा झाकायची आणि आठ दिवस विसरायचे. जळत राहिली तरच पुढे. बरण्या उंच चौरंगावर ठेवूनच पुरायच्या, म्हणजे काढायच्या वेळी दुसरी बरणी खाली ठेवता येते. रबरी नळी उकळून घ्यायची, तिला बोरूची काडी अशी बांधायची की नळीचे तोंड गाळापासून चार बोटे वर राहील. तोंडाने ओढायची नाही, आधी नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घ्यायची आणि ते पाणी वेगळे सोडायचे. निवळ येईल तोवर येऊ द्यायचे. धारेचा रंग जरा मातकट दिसला की नळी चिमटायची. शेवटच्या दोन शेरांचा लोभ ज्याला आवरत नाही त्याने आसव करू नये.

काढलेले निवळ दुसऱ्या बरणीत पंधरा दिवस, मग पुन्हा तसेच. तळचा गाळ धोतराच्या दुहेरी फडक्यात बांधून टांगायचा आणि आपोआप ठिबकू द्यायचा. पिळायचा नाही. पिळला की कापडातून गाळच बाहेर येतो आणि केलेली सगळी मेहनत पुन्हा गढूळ होते. ठिबकलेले घरात वापरायचे, विकायचे नाही. त्यातला वाटीभर गाळ पुढच्या बरणीत टाकला तर काम लवकर धरते, मीही कधी टाकला आहे. पण तो चांगल्या बरणीचा हवा.

आणि मुळात गाळ कमी व्हावा म्हणून: मसाला भरडच कुटायचा, दाताखाली आला पाहिजे. मनुका शिजवायच्या, कुस्करायच्या नाहीत. गूळ पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायचा, खाली बसलेली माती सोडून वरचा घ्यायचा. फुले सुपात झटकायची, त्यांत वाळू असते. बाटली गळ्याखाली दोन बोटे मोकळी ठेवायची.

आणि गिरणी, या घराच्या हद्दीत, पिठासाठी आहे.

कलम ९. चुडामण यास.
त्याने १९८८ मध्ये घुसळलेल्या बरण्यांतला गाळ मी फेकला नाही. वाळवून डब्यात ठेवला आहे. तो डबा त्याला द्यावा. रवीही त्यालाच द्यावी; त्या रवीने मी पुन्हा ताक केले नाही. माझ्या फोटोच्या चिठ्ठीचा छापखान्यातला ठसा माझ्याकडे आहे, तो मात्र देऊ नये, तोडून टाकावा.

यापलीकडे त्याला काही नाही. तो लहान असताना तापात होता तेव्हा मी सात दिवस त्याच्या उशाशी बसले होते, तेही मी वहीत लिहिले नव्हते, म्हणून त्याचा हिशोब मागत नाही. अग्नी त्यानेच द्यावा. मुलगा माझाच आहे, नाकारून काय होते.

कलम १०. बाकीचे.
पाटल्या सुनंदाला. पोस्टातल्या पुस्तकातून आधी माझे दिवस साधेपणाने करावेत, गावजेवण घालू नये. माझ्या तेराव्याला पत्रावळ्या उचलून लोक "शेवंताबाई फार चांगली होती" म्हणतील ते मला नको आहे. उरेल ते दरवर्षी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या गव्हाला जावे. माझी नऊवारी लुगडी समोरच्या मंजुळाबाईंना. त्यांनी तीन वर्षांत मला एकदाही "सून कधी येणार" असे विचारले नाही. विचारले असते तर मला खोटे बोलावे लागले असते, हे त्यांना कळत होते.

दीर अभिमन यांना काही नाही. त्यांनी त्या दिवशी मला सल्ला दिला, तो त्यांनी परत घ्यावा.

कलम ११. व्यवस्था.
हे सगळे अमलात आणण्याचे काम निवृत्त शिक्षक तोताराम पुना महाजन यांनी करावे. त्यांनी होकार दिला आहे. त्यांनी मला एकच विचारले, "आक्का, एवढा राग कागदावर ठेवायचा का?" मी म्हणाले, "मास्तर, तीन वर्षे पोटात ठेवला. कागदावर जागा जास्त आहे."

कलम १२. पुरवणी, वरील सर्व लिहून झाल्यानंतरची.
मागच्या बुधवारी हा कागद घेऊन मी दोंडाईच्याला गेले. वाटले होते, सुनंदाला वाचून दाखवावा, तिचा जीव शांत होईल. तिची आई बेबाबाई दारातच म्हणाल्या, "या इहीनबाई. पोर माले जड नही शे. पन तिले खोटी म्हनाले तुमना गावले काय हक शे?" मी खाली मान घालून आत गेले. सुनंदा निवडायला बसली होती. तिने सूप बाजूला ठेवले, पाणी दिले, पाया पडली. मी पूर्ण कागद वाचला. पाटल्यांच्या कलमाला ती उठून गेली, मग परत आली. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "पोरी, आता तरी झालं ना?"

ती म्हणाली, "माय, घर तुम्ही मरशात तवय भेटी. मी खोटी नही, हाई तुम्ही जित्त्या शेतस तवयच सांगा. बठ्ठास्नामोरे."

तुम्ही मराल तेव्हा घर मिळेल. पण मी खोटी नाही हे तुम्ही जिवंत आहात तोवर सांगा, सगळ्यांसमोर. मला राग आला. खरेच लिहिते, मला तिचाही राग आला. एवढे घर दिले, पाटल्या दिल्या, आणि ही मागते काय, तर तीच एक गोष्ट जी मी मरणानंतरच्या कागदावर ढकलून मोकळी होणार होते. गाडीत वाटभर मी तिच्यावर रागावलेली होते. नरडाणा गेले तरी राग होता. अमळनेरला उतरले तेव्हा तो तिच्यावर नव्हता.

म्हणून ठरवले की हा कागद पाकिटात बंद करून ठेवायचा नाही. रविवारी दिवसाउजेडी, त्याच ओट्यावर, त्याच माणसांना बोलावून मी तो पहिल्या ओळीपासून स्वतः वाचणार. साक्षीदार म्हणून बन्सीलालभाऊंनी सही करावी अशी मी त्यांना दुकानात जाऊन विनंती केली. ते म्हणाले, "अक्का, मी त्या दिवशी तुमचा शब्द धरला होता." मी म्हणाले, "तो सोडा. दुसरा देते." बेबाबाईंना तार केली: पोरीला घेऊन या, रविवार, ओट्यावर.

कलम ५ व ६ मध्ये लिहिलेले खरे आहे. बाटल्या मी भरल्या नाहीत. चूक माझी नव्हती. माझी चूक ती, जी मी बन्सीलालभाऊंना दहा माणसांसमोर कबूल केली नाही: मला सगळे माहीत होते. सुनंदा खरे बोलली होती. हे वाक्य मी ओट्यावर दोनदा वाचीन, कोणी मागे राहिले असेल तर.

वर लिहिलेला मजकूर माझा आहे, खाडाखोड दोन ठिकाणी आहे व तिथे माझी लहान सही आहे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायची गरज पडू नये.

ठिकाण: अमळनेर
दिनांक: २४ नोव्हेंबर १९९१, रविवार

(सही) शेवंताबाई पितांबर बोरसे

साक्षीदार:

१. (सही) बन्सीलाल छगनलाल वाणी, काष्ठौषधी दुकानदार, अमळनेर.
२. (सही) तोताराम पुना महाजन, निवृत्त प्राथमिक शिक्षक, अमळनेर.

साक्षीदारांची नोंद: श्रीमती शेवंताबाई यांनी वरील मृत्युपत्र आम्हां दोघांसमोर व ओट्याखाली जमलेल्या सुमारे तीस माणसांसमोर स्वतः, उभ्याने, चष्मा लावून वाचले आणि आमच्यादेखत सही केली. "सुनंदा खरे बोलली होती" हे वाक्य त्यांनी लिहिल्याप्रमाणे दोनदा वाचले. अभिमन बोरसे कलम दहा संपताच उठून गेले. चुडामण पितांबर बोरसे शेवटपर्यंत खांबाला टेकून उभे होते; त्यांना काही सांगायचे आहे का असे विचारले असता त्यांनी नकारार्थी मान हलवली. सौ. सुनंदा आईसोबत मंजुळाबाईंच्या ओट्यावर बसल्या होत्या. वाचन संपल्यावर शेवंताबाईंनी कागद आमच्या हाती दिला, खाली उतरल्या, रस्ता ओलांडून सुनंदाबाईंपर्यंत गेल्या आणि सुनंदाबाईंची पिशवी स्वतः उचलली. सुनंदाबाईंनी पिशवी शेवंताबाईंच्या हातातून काढून घेतली व त्यांच्या पुढे चालत त्यांच्या घरात गेल्या.